टेलरमास्तरांचा पळता थायरॉईड

लॅबवाला आला होता तो खरं तर मास्तरांच्या बायकोचं रक्त न्यायला. तिचा थायरॉईड जुना. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि अधूनमधून तपासणी, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. मास्तर म्हणजे चौकातल्या शिवणकामाच्या दुकानाचे मालक, कारागीर आणि झाडूवाले, तिन्ही तेच. त्यांनी उगाच बाही वर सारली. "आलाच आहात तर आमचंही घेऊन टाका."

यात तब्येतीची काळजी अजिबात नव्हती. सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या, आणि सुयांमध्ये आयुष्य काढलेला माणूस सुई कशी टोचून घेतो हे त्यांना दाखवायचं होतं. (नंतर ते थोडा वेळ भिंतीला टेकून उभे होते, पण ते हवा खायला.)

संध्याकाळी रिपोर्ट आले. मास्तरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि त्यांची छाती फुगली.

"बघ! टीएसएच तुझं तीन, माझं जवळजवळ शून्य. आजाराचा मागमूस नाही!"

बायकोने कागद ओढून घेतला. "अहो, ते उलटं असतं. टीएसएच म्हणजे मेंदूने ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी आळशी असली की हाक वाढते. मी तुम्हाला मारते तशी."

"आणि हाक कमी असली तर?"

"तर ग्रंथी न सांगताच कामाला जुंपली आहे. जरा जास्तच."

सासूबाईंनी भाजी निवडणं थांबवून वर पाहिलं. "मग हा कागद जावईबापूंचा नाही. लॅबवाल्याला परत बोलवा."

पण कागदावर नाव मास्तरांचंच होतं. बायकोने लक्षणं सांगितली: वजन उतरतं, झोप उडते, छाती धडधडते, हात थरथरतात. मास्तरांनी गुपचूप टेप कमरेला लावून पाहिली. कंबर उतरायच्या ऐवजी चढली होती. झोपेचं म्हणाल तर दुपारी ते मशीनवर डोकं टेकून अशी झोप काढत की गिऱ्हाईक आपलं कापड स्वतःच कपाटात ठेवून जाई. पण लक्षणं एकदा कानावर पडली की पडली. दुसऱ्या दिवशी छाती धडधडू लागली. हात समोर धरून पाहिला तर बोटं थरथरत होती. तशाच हाताने त्यांनी कात्री चालवली आणि एका शिक्षकांच्या फुलपँटची हाफपँट झाली.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. पँटची उंची घ्यायला ते गुडघ्यावर बसले की त्यांचा माथा नेमका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांखाली येई. मध्यंतरी एकजण वरून म्हणाला होता, "मास्तर, अस्तर दिसायला लागलं हो!" तेव्हापासून बटणांच्या डब्यात केस वाढवायच्या गोळ्यांची बाटली लपवलेली होती. बाटलीवर रोज एक गोळी असं लिहिलं होतं. मास्तर चार घेत. (कापड असो की औषध, थोडं जास्तच धरावं, असं त्यांचं मत.)

डॉक्टरांकडे बायको आली आणि सासूबाईही आल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं, मग पुन्हा रिपोर्ट पाहिला.

"वजन घटलंय?"

"वाढलंय," बायको म्हणाली.

"झोप?"

"दुकानातही लागते."

"चिडचिड होते का?"

"त्यालासुद्धा उठावं लागतं ना, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी गळा चाचपला, नाडी पाहिली. "कागद म्हणतो गाडी सुसाट आहे, आणि माणूस तर पार्किंगमध्ये. दुसरी काही औषधं? टॉनिक, व्हिटॅमिन?"

मास्तरांनी एकदा बायकोकडे आणि एकदा सासूबाईंकडे पाहिलं. "छे! काही नाही."

"मग गळ्याचा स्कॅन करू. ग्रंथी खरंच उधळली असेल तर गोळ्या द्याव्या लागतील. क्वचित ऑपरेशनही..."

"माझ्या नणंदेचा गळा इथून इथपर्यंत कापला होता," म्हणत सासूबाईंनी बोटाने मास्तरांच्या गळ्यावरच रेघ मारून दाखवली. कापण्याआधी खडूने मारतात तशी. मास्तरांना ती रेघ चांगलीच ओळखीची होती.

"एक गोळी घेतो," ते पुटपुटले.

"कशासाठी?"

"वरच्यासाठी."

"वरच्या मजल्यावर कोण राहतं?" सासूबाईंना हळू बोललेलं नीट ऐकू यायचं नाही.

"केसांसाठी, आई! केस वाढायला गोळ्या खातात हे!" बायको अशी ओरडली की बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट दाराकडे वळले. एक खोकत होता, तोही थांबला.

डॉक्टर मात्र खुर्चीतून पुढे झाले. "त्यात बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं! ते रक्तात जास्त असलं की लॅबचं मशीन फसतं आणि असा भलताच आकडा दाखवतं. गोळ्या बंद करा, आठवड्याने पुन्हा रक्त द्या. आणि मास्तर, डॉक्टरपासून लपवू नका हो. नसलेल्या आजाराची औषधं दिली असती मी!"

परतताना बायको म्हणाली, "स्कॅनचं ऐकून घाबरले होते मी. टकलासकट चालाल हो मला. लपवालपवी नको." मास्तरांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

पुढचा रिपोर्ट अगदी सरळ आला. बायको काउंटरवर कागद घेत होती, तेवढ्यात डॉक्टरांनी मास्तरांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मास्तरांच्या छातीत पुन्हा धडधडायला लागलं.

"एक विचारायचं होतं," डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले. "आपल्यातच ठेवा. त्या गोळ्यांनी... फरक पडतो का?"

मास्तरांनी सवयीने मान खाली घातली. डॉक्टरांनी टेबलावरचा दिवा जवळ ओढला, चष्मा चढवला आणि तो माथा अगदी बारकाईने, चहूबाजूंनी तपासला. मग त्यांनी स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि दिवा बंद केला.

"बरं झालं, आधी विचारलं."