इन्स्टॉलेशन यशस्वी

विज्ञान कुतूहलातून पुढे जातं असं ज्यांना वाटतं, त्यांनी अजून काही इन्स्टॉल केलेलं नसतं.

क्ष-किरण खगोलशास्त्राच्या विभागात नव्याने रुजू झालेल्या संशोधिकेला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती आली आणि वर्षानुवर्षं गप्प बसलेला तिचा तारा, ज्याच्यावर ती प्रबंध लिहिणार होती, अचानक भडकला. (तारे पूर्वपरवानगी घेत नाहीत.) उपग्रहाने टिपलेली निरीक्षणं तिच्या संगणकावर येऊन पडली. काही आठवड्यांत तारा पुन्हा विझणार होता. तोवर तो का भडकला याचा नुसता अंदाज जरी मांडला, तरी मोठी दुर्बीण त्याच्याकडे वळवली जाणार होती.

फक्त ती निरीक्षणं उघडायला सॉफ्टवेअर हवं होतं. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, सोपं आहे, वेबपानावर सगळं दिलंय. आणि परिषदेला निघून गेले.

पानावर खरोखरच सगळं होतं. पहिलं सॉफ्टवेअर चालायला दुसरं लागत होतं, दुसऱ्याला तिसऱ्याची जुनी आवृत्ती, आणि ती आवृत्ती बसवायची तर आधी पहिलं काढून टाकावं लागत होतं. अशी भक्कम रचना सहसा किल्ल्यांनाही साधत नाही. संगणकाने कळवलं, 'फाइल सापडली नाही.' फाइल समोरच होती. तिने बोट ठेवून दाखवली. (याचाही उपयोग होत नाही.) मधल्या काळात मावशीने गुडघ्याचा एक्स-रे पाठवला, तो पहिल्या फटक्यात उघडला.

विभागातल्या एका ज्येष्ठ ताईंच्या संगणकावर सगळं चालायचं. ती शिकायला गेली.

"हात लावू नकोस," ताई म्हणाल्या. "चालतंय तोवर चालतंय. पीएच.डी. झाल्यापासून मी हा बंद केलेला नाही."

ती पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसली. पुसलं, बसवलं, पुन्हा पुसलं. जेवण विसरली, चिडली, बाथरूममध्ये जाऊन रडूनही आली. आणि एके दुपारी पडद्यावर अक्षरं उमटली: 'इन्स्टॉलेशन यशस्वी.' ताईंनी पाठ थोपटली. शेजारच्या खोल्यांतली माणसं नुसती बघायला आली. कुणीतरी चहा मागवला.

चहा येईपर्यंत बातमी आली, की तारा विझला. दुर्बीण दुसरीकडे वळली होती.

तिने आईला फोन करून सांगितलं.

"अगं, पण ते चालू झालं ना?" आई म्हणाली. "मग झालं तर."

पुढे तिने इन्स्टॉलेशनवर एक लेख लिहिला. विभागातला सर्वाधिक वाचला गेलेला लेख तोच. सरांचं नाव अर्थातच पहिलं. तिला व्याख्यानांना बोलावणी येऊ लागली, कायमची नोकरी मिळाली. व्याख्यान संपलं की प्रश्नांना हात वर होतात, ते सगळे आवृत्त्यांविषयी.

तो तारा का भडकला होता, हे आजही कुणाला ठाऊक नाही. श्रोत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खरं सांगा, पडद्यावर ती अक्षरं उमटली तेव्हा तुम्हालाही हायसं वाटलंच होतं.