माद्रिद मुक्कामी व्याह्यांचे भोजनाची हकीकत

राज्ये येतात आणि जातात, तख्ते पालटतात, परंतु पोटाचा अंमल अढळ. त्याची वसुली रोजची, त्यास माफी नाही, आणि त्याचे दरबारी राव-रंक सारखेच मान खाली घालोन बसतात. ऐशा या पोटापायी माद्रिद शहरी, मे महिन्यातील एका आदितवारी, जे रण माजले, दोन मातबर घराणी समोरासमोर ठाकली आणि एक सोयरीक मोडता मोडता वाचली, ते वर्तमान जैसे घडले तैसे, पदरचे तिखट न घालिता येथे लिहिले आहे. तिखट माद्रिदकरांस तैसेही सोसत नाही.

कन्यापक्षाकडे खाशा कासिल्दाबाई, बटणे, दोरे आणि फिती यांच्या दुकानाच्या मुखत्यार, जबान धारदार आणि कातर त्याहून धारदार. त्यांचे यजमान एलादिओ, पेशा लिफ्टदुरुस्ती. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लोकांस सोडविण्यात यांची हयात गेली, परंतु स्वतः दोन मतांमध्ये अडकले म्हणजे त्यांस सोडविणारा कोणी नसे. यांची कन्या नूरिया, तिचे लग्न बिल्बाओकर कोल्दो यांचे चिरंजीव उनाई यांशी ठरले होते. कोल्दो म्हणजे निवृत्त जहाजबांधणीवाले, अंगाने गोदीतील माल उचलणाऱ्या यारीसारखे, आणि आपल्या गावच्या पुरुषांच्या भोजनमंडळाचे बडे मानकरी. त्या मंडळाचे मुदपाकखान्यात बायकांस पाऊल टाकण्याची मनाई. तेथे शिजते तेच अन्न आणि बाकी जगातील लोक गिळतात तो केवळ नाइलाज, ऐसे त्यांचे मत, आणि ते मत न मागता मिळत असे. त्यांचे कुटुंब आरांचाबाई शाळेत गणित शिकवीत आणि फारसे बोलत नसत, म्हणोन लोक त्यांस गर्विष्ठ समजत.

तंट्याचे मूळ ऐसे की, लग्न कोठे लावावे? कन्यापक्ष म्हणे माद्रिद, वरपक्ष म्हणे बिल्बाओ. मग कोल्दो यांणी फोनवरून फर्मान धाडिले की, आम्ही माद्रिदास येतो आणि एक वेळ जेवतो, जेवण जेवणासारखे जाहले तर लग्न तुमचे गावी, न जाहले तर मुकाट्याने बिल्बाओस यावे. आणि एलादिओ यांणी घरात न विचारता यास कौल देऊन टाकिला. कासिल्दाबाईंस त्या रात्री डोळ्यास डोळा लागला नाही. त्यांचा हिशेब निराळा होता. आज लग्न जाईल, उद्या बाळंतपण जाईल, मग एकेक नाताळ जाईल, आणि आपण बटणे निवडीत बसू. वधूवरांनी हुशारीने कामाचे निमित्त सांगोन मैदानातून पाय काढिला, मात्र उएर्तासचे बाजूस एका नामांकित नव्या खानावळीत टेबल राखोन ठेविले, आणि वेळेवर जा, ऐसे दहादा बजाविले.

ते दिवशी कासिल्दाबाई केस बसवोन, नवे जोडे चढवोन, सोल चौकाजवळील हॉटेलातून व्याह्यांची स्वारी घेऊन निघाल्या. अंतर म्हणावे तर चालत जाण्याचे. परंतु जेवणाआधी दारोदारी उभ्याने एक छोटा पेला घ्यावा, ही बिल्बाओची रीत, आणि कोल्दो रीतीस पक्के. पहिल्या बारमध्ये जैतुनाची फळे उदास आहेत ऐसा निवाडा जाहला, दुसऱ्यात व्हर्मुत मद्य गोड, तिसऱ्यात मासा वृद्ध, आणि चवथ्यात पेला काचेचा आहे एवढीच काय ती तारीफ. तरी एकही दार सुटेना.

"एलादिओ, टेबल जाईल," कासिल्दाबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"अगं, व्याही आहेत. ओढत नेऊ का त्यांना?"

"मला बरं आयुष्यभर ओढत आणलंस!"

मग खानावळीच्या दारी पोहोचले तो दारावर एक दाढीवाला तरुण, चामडी एप्रन ल्यालेला, जैसा काही लोहार, परंतु हाती हातोड्याऐवजी टॅब्लेट. तो मोठ्या अदबीने वदला की, स्वारी उशिरा आली, टेबल दुसऱ्यांस बहाल जाहले, पुढली रिकामी जागा जुलैत आहे. आत लोक काळ्या पाटीवर ठेविलेल्या फेसाकडे टक लावोन बसले होते आणि त्याची छायाचित्रे घेत होते, खाण्याची घाई कोणास दिसेना. कोल्दो यांणी तो फेस पाहिला आणि मंद हसले. तोफ उडाली असती तर बरे, ऐसे ते हसू होते.

तेव्हां एलादिओ यांणी हयातीतला पहिला निर्णय घेतला आणि तो चुकला. प्लासा मायोर चौकाच्या कोपऱ्यावर तळलेल्या माकूळ माशाचा पाव खावा, माद्रिदची शान, ऐसे म्हणोन त्यांणी फौज तिकडे वळविली. तेथे पर्यटकांची रांग कमानीपलीकडे गेलेली. कोल्दो रांगेत उभे राहिले, आणि आसपासच्या चार लोकांस ऐकू जाईल ऐशा बेताने विचारते जाहले,

"व्याहीबुवा, समुद्र कुठल्या बाजूला?"

"रोज पहाटे ताजा येतो, रात्रभर गाडी धावते," एलादिओ म्हणाले. त्यांचे कान लाल जाहले होते.

"हो, आमच्याकडनंच धाडतात. जो मासा नीट वागत नाही त्याला."

रांगेतले दोघे हसले. माद्रिदकरच होते, हे अधिक लागले. मग तेथून कूच करोन स्वारी ला लातिना पेठेत उतरली, तो जुन्या बाजारातून सुटलेली अवघी खलकत तेथे लोटलेली. प्रत्येक खुर्चीवर माणूस, आणि प्रत्येक माणसामागे ती खुर्ची केव्हां सुटते याची वाट पाहणारा दुसरा माणूस, गिधाडासारखा. एका दारी पिवळ्याजर्द भाताची चित्रे लाविलेली होती आणि एक इसम रस्त्यात आडवा येऊन चार भाषांत बोलावीत होता. हा भात माद्रिदचाही नव्हे आणि कोणाचाच नव्हे. कोल्दो यांणी थांबोन त्या चित्राचे चित्र घेतले आणि आपल्या भोजनमंडळास पुरावा म्हणोन रवाना केले. लागलीच फोन वाजू लागला. बिल्बाओस पंधरा पुरुष हसत होते.

कासिल्दाबाईंचे टाचेस फोड आला होता, आणि पोटात केवळ ती उदास जैतुने. तरी त्या हसत चालल्या. दुकानात गिऱ्हाईक कितीही छळो, हसू सोडू नये, ही त्यांची शिस्त. ते हसू आता दोराभर उरले होते.

उतार उतरोन एंबाहादोरेसचे बाजूस आले, तेव्हां कोल्दो यांणी फोनात पाहोन वर्दी दिली की, वरच्या गल्लीत आमच्या मुलखातील एका माणसाचे भोजनगृह आहे, तेथे जावे. आणि एलादिओ, मान डोलवोन, बरे म्हणाले. माद्रिदात येऊन बिल्बाओचे अन्न खाणे म्हणजे किल्ल्याच्या किल्ल्या ताटात घालोन देणे, इतके लिफ्टवाल्यास कळो नये? कासिल्दाबाईंस लढाई बुडाली ऐसे दिसोन आले.

"तुम्ही दोघी इथंच थांबा, हलू नका," कोल्दो यांणी हुकूम केला, "आम्ही जागा बघून येतो." आणि दोघे पुरुष चढ चढोन दिसेनासे जाहले.

दोघी जेथे उभ्या राहिल्या तेथे एक जुनाट बार होता, काचेवर खडूने लिहिलेले, आणि दार उघडे, आणि त्या दारातून वजडीच्या रश्शाचा वास येत होता. दोघींनी बराच वेळ तो वास येत नसल्याचे सोंग केले.

"विहीणबाई," आरांचाबाई म्हणाल्या. सकाळपासूनचे हे त्यांचे पहिले वाक्य. "तुम्हाला चक्कर येतेय का?"

"नाही बाई."

"मला येतेय."

कासिल्दाबाईंनी त्यांजकडे पाहिले. गर्व म्हणोन जो समजत आले तो चेहरा निव्वळ भुकेला होता.

"वजडी आहे का ही?"

"वजडीच. पण व्याहीबुवांना कळलं तर नावं ठेवतील."

"त्यांना कशाला कळवायचं?"

मग दोघी आत शिरल्या. टीव्हीवर मोटारसायकली भणभणत होत्या, फरशीवर कागदी रुमालांचा खच, आणि गल्ल्यामागे पुरा नामे मालकीण, चष्मा कपाळावर, लाडीगोडीस बिलकुल थारा न देणारी.

"दोनच खुर्च्या आहेत. चार जण असाल तर उभे राहा."

कासिल्दाबाईंनी दाराकडे पाहिले. चढावर कोणी दिसत नव्हते. त्या काही बोलणार, इतक्यात आरांचाबाईंनी खुर्ची ओढिली आणि बैठक मारिली.

"दोघीच आहोत आम्ही," त्या म्हणाल्या. "नवरे नाहीत."

येथे युद्धाचा रंग पालटला. मातीच्या थाळ्यांत वजडी आली, रस्सा लालभडक, वर तेलाचा तवंग, संगती पाव, आणि डुकराचे कान कुरकुरीत परतलेले, आणि तांबडी वाइन. कासिल्दाबाईंनी टेबलाखाली जोडे काढिले आणि तोंडून ऐसा सुस्कारा सोडिला की पुरानेही वळोन पाहिले. दोघी जेवू लागल्या. रस्सा ओठांस चिकटत होता.

"आमचा हा आठवड्यातनं दोनदा मंडळात मासा रांधतो," आरांचाबाई पाव बुडवीत म्हणाल्या. "लोक उभे राहून टाळ्या वाजवतात म्हणे. घरी गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नाही."

कासिल्दाबाईंस हसता हसता ठसका लागला. मग हसू ओसरले आणि मनातले बाहेर पडले.

"मला वाटतं, लग्न तिकडे गेलं की पोरगी गेली माझी."

"आणि मला वाटत होतं, तुम्ही माझ्या पोराला इथं अडकवून ठेवणार." आरांचाबाईंनी पेला खाली ठेविला. "एकुलता आहे गं. घर फार शांत झालंय."

अहोजाहो गेली, ती कोणत्या घासास गेली हे दोघींस कळले नाही. मग आरांचाबाईंतील मास्तरीण जागी जाहली. त्यांणी मिठाची बाटली एका टोकास ठेविली, पेला दुसऱ्या टोकास, आणि मध्ये पावाचा तुकडा.

"हे माद्रिद. हे बिल्बाओ. आणि मधल्या वाटेवर हे बुर्गोस."

"अगं, बुर्गोसात आहे काय? नुसती थंडी!"

"काहीच नाही. म्हणूनच भांडण नाही."

"पण नवऱ्यांना आवडणार नाही."

"दोघांनाही?"

"दोघांनाही."

"मग ठरलं," आरांचाबाई म्हणाल्या, आणि पेल्यास पेला लागला, आणि तह जाहला. लागलीच नूरियास फोन करोन वर्दी दिली. पलीकडून पोरगी म्हणाली, "आई, कुठंही चालेल. तुम्ही दोघी हसताय का?"

इकडे पुरुषांची गत काय जाहली ती ऐकावी. वरच्या गल्लीतील भोजनगृहास कुलूप होते, आणि दारावर पाटी की, आदितवारी मालक जेवावयास बिल्बाओस जातात. तेथून हात हलवीत परतले, तो बायका जागेवर नाहीत. मग गल्लोगल्ली शोध, फोनावर फोन, जबाब नाही. अखेर बारच्या काचेस दोन नाके चिकटली, एक लांब आणि एक लाल.

आत येऊन कोल्दो गरजले, "हे काय? आम्ही उपाशी!"

"वजडी संपली, चूल बंद झाली," पुराने वर न पाहता हुकूम सुनाविला. "जैतुनं आहेत."

कोल्दो यांणी काही म्हणावयास तोंड उघडिले, तो नाकात तो वास शिरला. त्यांणी टेबलावरून बुर्गोस उचलिले, कुटुंबाच्या थाळ्यात फिरविले आणि तोंडात घातिले. मग थांबले. मग एलादिओ यांणी टेबलावरून उचललेला पाव त्यांचे हातून काढोन घेतला आणि थाळा पुन्हा पुसला, कडेपर्यंत, जैसा नवा. आणि डोळे मिटोन, घास गिळण्याआधीच, निवाडा दिधला.

"लग्न माद्रिदात."

एलादिओ यांणी आनंदाने टेबलावर हात मारिला. आरांचाबाईंचा पेला ओठांपाशीच राहिला. ज्यासाठी ही पायपीट, तो फोड, ती जागोन काढिलेली रात्र, ते अवघे आता हात पुढे केल्यास हाती येत होते. कासिल्दाबाईंनी विहिणीकडे पाहिले. ती बुर्गोसच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती.

"उशीर केलात, व्याहीबुवा," कासिल्दाबाई म्हणाल्या. "बुर्गोस ठरलंय."

"बुर्गोस?" दोघे नवरे एका सुरात ओरडले. उभ्या दिवसात त्यांचे एकमत जाहले ते एवढेच.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, सोयरीक कायम राहिली, दोन विहिणी एक जाहल्या आणि दोन व्याही गल्ल्याशी उभ्याने जैतुने खाऊन राहिले. माद्रिद हरले नाही, बिल्बाओ जिंकले नाही, आणि बुर्गोस शहरास या गोष्टीची अद्याप खबर नव्हती.