मुलतानीचा दुरुस्ती अर्ज

सोमवारी सकाळी अकरा वाजता मुलतानी रागाची एक्केचाळीस मिनिटांची फाईल मिरजेतल्या आमच्या ध्वनिनोंद कचेरीत आली आणि स्वतःच्या टॅगमध्ये दुरुस्ती करून मागू लागली. दुरुस्ती होईपर्यंत आपण वाजणार नाही, असं तिने अर्जाच्या तळाशी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

फायली आमच्याकडे रोजच येतात. मी टॅग शाखेत वीस वर्षं आहे, पोतनीस बाई म्हटलं की कोणीही खिडकी दाखवील. एमपीथ्री जातीच्या फायली जिना धावत चढतात. अंगावर वजनच नसतं. लहान होण्यासाठी त्यांनी, कानाला कळणार नाही म्हणून, बरंच काही वाटेत टाकून दिलेलं असतं. ही मात्र लॉसलेस होती, काहीच न टाकलेली. दोनदा टेकत वर आली. आमच्या शिपायाने, बाळगोंडाने, तिच्यासाठी अख्खं बाकडं रिकामं केलं.

"दुरुस्ती कसली?" मी विचारलं.

"माझ्या टॅगमध्ये गायकाचं नाव आहे, रागाचं आहे, तारीख आहे, तबलजीचं आहे. तंबोरा कोणी धरला ते नाही. तिथे गोदाक्का माळी बसल्या होत्या. त्या अजून हयात आहेत. त्यांच्या देखत ते लिहिलं जावं."

मागणी वाजवी होती. पण आमच्याकडे तंबोऱ्यावाल्यांचं नाव लिहायची पद्धत नाही. तबल्याचं लिहितात, पेटीचं लिहितात. तंबोरा धरणारा माणूस फोटोत असतो, यादीत नसतो. ज्या गावात तंबोरे घडतात त्याच गावात ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार तो हा.

पद्धत नाही, पण नियम आहे, आणि मी नियमाने चालते. टॅग म्हणजे काय, तर एक ओळ: डावीकडे रकान्याचं नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मजकूर. रकाना कोणताही काढता येतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. एकच रकाना दोनदाही लिहिता येतो. या सगळ्या ओळी गाण्याच्या पुढे बसतात आणि त्यांच्यामागे थोडी कोरी जागा राखून ठेवतात, म्हणजे पुढेमागे काही लिहायचं झालं तर गाण्याला उठवायला नको. तरी रीतीप्रमाणे मी हरकती मागवल्या आणि मंगळवारची सुनावणी लावली.

हरकत आली ती जयंतराव केळुस्करांची. ही मुलतानी त्यांच्या वडिलांनी, कै. विश्वंभरबुवांनी, पन्नास वर्षांपूर्वी गायलेली. गुरुवारी बुवांची जन्मशताब्दी होती आणि कार्यक्रमाची सुरुवात याच मुलतानीने व्हायची होती.

गोदाक्का हजर होत्या. वय एक्क्याऐंशी, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. बाकड्यावर फाईलच्या थोड्या मागे बसल्या. मी पुढे या म्हटलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो बाई, मला हितनंच बरं दिसतंय."

"अक्का, तुम्हाला नाव हवंय का? स्पष्ट सांगा, नोंदवायचंय."

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. "नातीनं शिकिवलंय. ह्यात नाव घातलं की त्या माणसाचं गाणं घावतं. बुवांचं घातलं की धाधा मिनटं खाली सरकवत बसावं लागतंय. माझं घातलं की म्हणतंय, काय न्हाई." मग म्हणाल्या, "बत्तीस वर्सं बसली की म्या त्यांच्या मागं. काय न्हाई म्हंजी काय? व्हय बाई, पायजे मला."

मी तसं नोंदवलं.

जयंतराव खुर्चीच्या टोकावर बसले होते. "नाव घुसडलं की बाबांचं गाणं बिघडेल," ते म्हणाले.

"टॅग बदलल्याने गाणं बदलत नाही. गाण्याचा ठसा, म्हणजे त्याच्या सुरांवरून काढलेली अक्षरांची खूण, फाईलच्या सुरुवातीलाच असतो; एक सूर हलला तरी तो बदलतो. आधी बघू, नंतर बघू. एका सुराचाही फरक पडला तर मी राजीनामा देईन."

"आणि कोरी जागा? ती संपली आहे."

मी तपासलं. खरंच संपली होती. शताब्दीच्या निमित्ताने त्यांनीच गायकाच्या रकान्यात गानतपस्वी, स्वरमार्तंड, संगीतभास्कर अशा अकरा पदव्या भरल्या होत्या, आणि प्रत्येक पदवी कोणत्या संस्थेने कुठे दिली तेही. उरलेल्या जागेत बुवांचा शाल पांघरलेला फोटो बसला होता. एक अक्षर मावायला जागा नव्हती.

"मी उठून मागे सरकेन," मुलतानी म्हणाली. "एक्केचाळीस मिनिटं आहेत, वेळ लागेल. पण सरकेन."

जयंतरावांनी मग साक्षीदार बोलावला. त्याच मैफिलीची एमपीथ्री. ती उड्या मारत आली.

"तंबोऱ्यावर कोण होतं?" मी विचारलं.

"तंबोरा होता का?" ती म्हणाली. "मला बुवा आठवतात. मागे काहीतरी गुणगुणत होतं खरं. पंखा असेल."

"ऐका," जयंतराव म्हणाले. "साक्षीदारालाच आठवत नाही."

"तिने ते टाकून दिलंय," मुलतानी शांतपणे म्हणाली. "मी काही टाकलेलं नाही. दोन तंबोरे होते. श्रोत्यांच्या डावीकडे गोदाक्का. उजवीकडे एक तरुण गृहस्थ. डाव्या तंबोऱ्यावर पहिल्यापासून काचेच्या बांगड्या किणकिणतात. उजव्यावर नाही. सव्विसाव्या मिनिटाला उजवा तंबोरा अडखळतो आणि कोणीतरी घोरल्यासारखा आवाज येतो. दीड सेकंद. तिथून शेवटापर्यंत बांगड्या दोन्ही तंबोऱ्यांवर वाजतात."

जयंतरावांच्या कपाळावर घाम आला होता.

"तो तरुण गृहस्थ कोण?" नियमाप्रमाणे मला विचारावंच लागलं.

"मी," जयंतराव म्हणाले. "बावीस वर्षांचा होतो. दुपारची मैफल, जेवणात बासुंदी होती. झोप लागली. बाबांना कळलं असतं तर त्यांनी मला पुन्हा मागे बसू दिलं नसतं. तंबोऱ्याचं नाव आलं की लोक विचारणार, दुसरा कोण होता. मग कान देऊन ऐकणार." त्यांनी गोदाक्कांकडे पाहिलं. "अक्का, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं त्यात? लेकरू पेंगलं. तंबोरा तुझ्या मांडीवरनं कलंडाय लागला, म्या डाव्या हातानं वडून घितला. एक मांडीवर, एक आडवा. बुवांचा निषाद लागत हुता तवा, तो मोडून चालत न्हवतं."

"पंधरा मिनिटं दोन्ही वाजवलेत?"

"मग काय, मधीच ठेवून दिऊ?"

जयंतरावांनी माझ्याकडून पेन मागितलं आणि पदव्यांवर काट मारायला सुरुवात केली. गानतपस्वी गेलं. स्वरमार्तंड गेलं. संगीतभास्कर आणि त्याच्या मागची संस्था गेली. अकराव्या पदवीशी ते थांबले, तीही खोडली. उरलं ते विश्वंभर केळुस्कर, आणि त्याच्यामागे ऐसपैस कोरी जागा. फाईलला हलावंसुद्धा लागलं नाही.

मी नवा रकाना काढला. तंबोरा, बरोबर, गोदाक्का माळी.

"ह्याचं बी लिवा," अक्का म्हणाल्या.

"माझं नको," जयंतराव म्हणाले. "मी झोपलो होतो."

"सव्वीस मिनटं जागा हुतास की. सव्वीस मिनटं काय थोडी झाली?"

एकच रकाना दोनदा लिहिता येतो हे मी आधी सांगितलंच आहे. मी दुसऱ्यांदा लिहिला: तंबोरा, बरोबर, जयंत केळुस्कर. मुलतानीने दोन्ही ओळी वाचल्या, मान डोलावली. मी ठसा पडताळला. बत्तीस अक्षरी ठसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. राजीनाम्याचा प्रश्न आला नाही; येणारही नव्हता.

मग ती वाजली. दुपारचे चार वाजले होते, मुलतानीची वेळच ती. बुवांचा आवाज लागायच्या आधी नुसतेच तंबोरे ऐकू येतात, मिनिटभर. तेवढं मिनिट कोणी हललं नाही. एमपीथ्री दाराशी उभी राहून ऐकत होती.

सव्विसाव्या मिनिटाला जयंतरावांनी डोळे मिटले आणि गोदाक्कांचा डावा हात आपोआप बाजूला गेला.

वाजून झाल्यावर अक्कांनी मोबाइल काढला आणि एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, स्वतःचं नाव घातलं. बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग तो माझ्यापुढे धरला.

"चष्मा न्हाई आणला, बाई. काय म्हणतंय बगा."

"एक सापडलं," मी वाचून दाखवलं.

"काय न्हाई असं म्हणत न्हाई?"

"नाही. एक म्हणतंय."

त्यांनी मोबाइल पदराने पुसून पिशवीत ठेवला. मुलतानी उठली, पोच घेतली आणि जिन्याशी थांबून म्हणाली, "खाली अंगणात भीमपलास असाच अर्ज घेऊन उभा आहे. पटदीप, मधुवंतीही आहेत. एकूण दोनशे चौदा. सगळ्यांमागे अक्काच बसल्यात."

कचेरी पाचला बंद होते. मी बाळगोंडाला बाकडी बाहेर काढायला सांगितलं, आणि अक्कांना म्हटलं, तुम्ही आता इथे पुढे, माझ्या शेजारी बसा.