हॅनोव्हरच्या रणगाड्याचे बारसे

शनिवारी सकाळी दहा वाजता हॅनोव्हरमधील एका भाड्याच्या सभागृहाच्या दारात महाराष्ट्र मंडळाचा रणगाडा थांबला. जीवितहानी नाही. सन २००९, गणेशोत्सवाचा पहिला शनिवार. रणगाडा थर्माकोलचा होता, त्या वेळी त्याचे नाव टी-८४ होते आणि तिरपा धरला असता तर तो दारातून आत गेला असता. ही शेवटची बाब पुढे महत्त्वाची ठरली.

देखाव्याचा विषय दरवर्षीप्रमाणे 'विघ्नहर्ता' होता. अडथळे ओलांडणारे वाहन म्हणून रणगाडा एकमताने ठरला. कोणत्या देशाचा, यावर मात्र बैठकांमागून बैठका झाल्या. जर्मन उभा केला तर यजमानांना अवघडल्यासारखे होईल, असे अध्यक्ष दिनकररावांचे मत पडले. भारतीय रणगाड्याच्या चाचण्या बरीच वर्षे चालू होत्या आणि गणपती तर याच वर्षी बसवायचा होता. शेवटी, ज्याच्याबद्दल सभासदांपैकी कुणालाच काही माहिती नाही असा देश म्हणून युक्रेन निवडण्यात आला.

रणगाड्यांची माहिती मात्र एकाला होती, म्हणून बांधणीचे काम त्याच्याकडे आले. पुष्कर तिथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करतो. विषय: खाद्यपदार्थांच्या डब्यांची झाकणे. साताऱ्यात हे कुणाला ठाऊक नाही, कारण त्याच्या आईने, कुंदाताईंनी, 'मुलगा जर्मनीत रणगाड्यांच्या पत्र्यावर काम करतो' असे तिकडे सांगून ठेवले आहे. कुंदाताई तेव्हा मुलाकडेच आलेल्या होत्या आणि रविवारी त्यांचे परतीचे विमान होते. रणगाड्यापुढे मुलगा आणि रणगाड्यावर नावाची पाटी, असा फोटो हातात असल्याशिवाय भिशीत पाऊल ठेवणे त्यांना शक्य नव्हते.

"आणि नाव खरं घाल," त्यांनी बजावले होते. "भिशीतल्या लतिकाचा पुतण्या नगरला रणगाड्यांतच आहे. तो भिंग घेऊन बसेल."

पुष्करला हे सांगावे लागत नाही. शाळेत मुले पाढे म्हणत तेव्हा तो रणगाड्यांची कवचे म्हणत असे. खऱ्या टी-८४च्या अंगावर स्फोटक विटा बसवलेल्या असतात. त्यांच्यासाठी त्याने सोनपापडीचे रिकामे डबे घेतले. प्रत्येक डब्यावर एका देणगीदाराची जाहिरात चिकटवण्यात आली. मोठे देणगीदार पुढच्या बाजूला, जिथे मारा जास्त होतो. विद्यार्थी सभासद मागे, इंजिनाजवळ.

दारात हाउसमाइस्टर हेर (म्हणजे श्रीयुत) फॉग्ट उभे होते. सभागृहात काय येते आणि काय येत नाही, हे पाहणे त्यांचे काम.

"हे डबे कशासाठी?" त्यांनी विचारले.

इतक्या वर्षांत हा प्रश्न पुष्करला कुणी पहिल्यांदाच विचारला होता. तो मोहरला. "आल्झो, म्हणजे असं बघा, हे कवच आहे. शत्रूचा गोळा लागला की ही वीट फुटते."

"फुटते?"

"बाहेरच्या दिशेने."

"बाहेर कोण असतं?"

"शत्रू."

हेर फॉग्ट यांनी बाहेर पाहिले. बाहेर मंडळाच्या सचिव मालिनीताई उकडीच्या मोदकांचे पातेले घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर, पट्टा लावून, गणपती बसला होता. त्या जागी गाडी दोनच तास उभी करता येत होती.

हेर फॉग्ट यांनी कर्तव्यबुद्धीने एक डबा उघडला, हुंगला, तळाची भुकटी चाखली आणि कवच निर्धोक असल्याचे जाहीर केले. मग हातातल्या कागदाकडे पाहत त्यांनी नाव विचारले. परवानगी टी-८४ला होती आणि समोर टी-८४ होता. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असे म्हणून ते बाजूला झाले.

चौघांनी रणगाडा तिरपा केला. तेवढ्यात नीलिमाताई पुढे आल्या. त्यांचे किराणा दुकान हे पुढच्या कवचातले सर्वांत मोठे दुकान.

"पुष्कर, हा पाकिस्तानकडे आहे ना रे?"

इथे कुणीही 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. पुष्कर म्हणाला, "हा नाही. याच्या आधीचा, टी-८०यूडी. त्याचा बुरूज ओतीव होता. याचा जोडीव आहे."

"म्हणजे त्याचा भाऊ."

"धाकटा. सुधारलेला."

"सुधारला तरी भाऊच. माझा डबा काढ."

पुढचे कवच ढासळू नये म्हणून दिनकररावांनी फुटपाथवरच तातडीची बैठक घेतली. ते सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर आहेत आणि संकटात शांत राहतात. "वस्तूला हात लावायची गरजच नाही," ते म्हणाले. "नाव बदलू. आमच्याकडे दर तिमाहीला हेच करतो."

"यातागान कसं वाटतं?" पुष्करने दिलेली नावे वाचून मालिनीताईंनी विचारले.

"तो तुर्कस्तानला दाखवायला बनवला होता," पुष्कर म्हणाला. "त्यांनी घेतला नाही."

"नको मग. नकार आलेलं स्थळ आहे ते. बुलात?"

"तो मुळातला टी-६४. जुनाच, अंगावर कवच नवं."

"म्हणजे आपले दिनकरराव आणि तो ब्लेझर."

"मालिनीताई, हे इतिवृत्तात येणार आहे का?" दिनकररावांनी विचारले.

"अहो, मीच लिहिते ना. येणार."

ओप्लोट हे नाव मंजूर झाले. त्याचा अर्थ तटबंदी, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही. हरकत पुष्करने घेतली. ओप्लोट म्हणायचे तर बुरुजामागे दारूगोळ्याचा वेगळा कप्पा हवा. नुसते नाव चिकटवणे म्हणजे लतिकामावशीच्या पुतण्याच्या डोळ्यांत धूळफेक. पत्रावळ्यांचे खोके रिकामे करून बुरुजामागे जोडण्यात आले. रणगाडा हातभर लांबला.

मग दिनकररावांना कळले की त्याच वर्षी ओप्लोट-एम नावाची आणखी नवी आवृत्ती आली आहे. नवी आवृत्ती असताना जुनी बसवणे त्यांच्या पेशाला धरून नव्हते. पुष्करने इशारा दिला की एमचे कवच थरांचे असते आणि बाजूंनाही संरक्षण लागते. ते देण्यात आले. डब्यांवर डबे चढले, बाजूंना नीलिमाताईंच्या दुकानातली तांदळाची पोती उभी राहिली. रणगाडा दोन्हीकडून वीतवीत रुंदावला.

वरच्या डब्यांमुळे खालच्या डब्यांवरच्या जाहिराती झाकल्या गेल्या.

"जीव वाचवतो तो आतलाच थर," दिनकरराव आतल्या देणगीदारांना म्हणाले.

"मग तुम्ही या आत," एक देणगीदार म्हणाले. अर्ध्या तासात त्या सर्वांनी 'महाराष्ट्र मंडळ हॅनोव्हर (आतील थर)' स्थापन केले. यात घाईचा दोष देता येणार नाही. मूळ संस्थेचे नाव तीन वर्षांपासून 'महाराष्ट्र मंडळ हॅनोव्हर (सुधारित)' असेच आहे आणि तीही अशीच अर्ध्या तासात झाली होती.

रणगाडा पुन्हा दारात आणला गेला. सरळ धरून, तिरपा धरून, उभा धरून पाहिला. तो आत जाईना.

"शिवाय मी टी-८४ची वाट पाहतोय," हेर फॉग्ट म्हणाले. "हा कोण?"

"तोच आहे."

"तोच असेल तर नाव का बदललं?"

 नव्या नावाला नवी परवानगी, ती सोमवारी. जुन्या नावाने आत न्यायचा तर डबे काढायला हवेत आणि नीलिमाताई पुन्हा आपला डबा मागणार. इतक्यात कोपऱ्यावर पार्किंगची पावती फाडणारी बाई दिसली. गणपती अजून गाडीतच होता.

"पुष्कर," कुंदाताई म्हणाल्या, "मला उद्या विमान आहे. रणगाडा आत असो की बाहेर, मला काय त्याचं. मूर्ती ठेव त्याच्यावर आणि उभा राहा पुढे."

मूर्ती पत्रावळ्यांच्या खोक्यावर बसली. फुटपाथवर आरती झाली; दोन्ही मंडळांनी ती वेगवेगळ्या चालींत, पण एकाच वेळी म्हटली. फुटपाथ हेर फॉग्ट यांच्या अखत्यारीत येत नसल्याने त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मोदक खाल्ले.

फोटोच्या वेळी पुष्करने खडू उचलला. "आई, पाटीवर काय लिहू?"

"कोरीच राहू दे. तिकडे पुतण्या जे म्हणेल ते मी लिहीन."

फोटो साताऱ्याला पोहोचला. पुतण्याने बराच वेळ भिंगातून पाहून फक्त सोनपापडीचे डबे ओळखले. ते गुप्त कवच असल्याचे कुंदाताईंनी भिशीला सांगितले असून पाटी अजून कोरी आहे.

हे लिहीपर्यंत हाती आलेल्या माहितीनुसार रणगाडा सभागृहाच्या सायकल-स्टँडवर ताडपत्रीखाली उभा आहे. सुधारित मंडळ त्याला ओप्लोट-एम म्हणते. आतील थर त्याला टी-८४ म्हणतो, कारण ते नाव सुधारित म्हणत नाही. दोन्ही मंडळांनी प्रत्येक मराठी माणसाकडे आपण कुठल्या थरातले, अशी लेखी विचारणा केली आहे. ही हकीकत बाहेर उभे राहून हसत वाचणाऱ्या तटस्थांसाठी तिसऱ्या मंडळाची स्थापना येत्या मंगळवारी आहे. नावावर एकमत व्हायचे आहे. अध्यक्षपदासाठी तुमचे नाव सुचवले गेल्याचे समजते.