टेबलाखाली रेंज नाही

शितलने सवयीने मयुराचं ताट टेबलाखाली सरकवलं आणि मग तिची तिलाच लाज वाटली. सात वर्षांची मुलगी. दोन-तीन आठवडे झाले, टेबलाखाली जेवत होती, टेबलाखाली गणितं सोडवत होती, टेबलाखालीच झोपत होती. आंघोळीला आणि शाळेला तेवढी बाहेर यायची, तीही धावत. शाळेत पोचली की बाकाखाली.

त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीकडची जमीन सारखी हलत होती. आधी लांबून भरलेला ट्रक यावा तसा घुमणारा आवाज, मग भांडी, मग माणसं. घराघरापुढे ताडपत्र्या लागल्या होत्या. शितलच्या अंगणातल्या ताडपत्रीखाली तिचे सासरे तात्या आणि नवरा नविन झोपत. मयुरा टेबल सोडेना, म्हणून शितल घरातच. टेबल सागाचं, दणकट, तात्यांनी पोस्टात असताना लिलावात घेतलेलं. पण खाली जागा दीड माणसाची. मयुरा पूर्ण आत आणि शितल कमरेपर्यंत.

शेवटी शाळेतल्या बाईंनीच शितलला बोलावून सांगितलं, "वर्गात बाकाखालून 'हजर' म्हणते हो. कुणाला तरी दाखवा." वसईच्या नणंदेने, कविताने, मुंबईच्या एक मॅडम शोधल्या. मुलांच्या मनाच्या डॉक्टर. व्हिडिओवर बोलतात. शनिवारी अकराची वेळ मिळाली.

शितलचं मागणं मोठं नव्हतं. मयुराने खुर्चीवर बसावं आणि चार वाक्यं बोलावी. मॅडमना पहिल्याच भेटीत टेबलाचे पाय आणि त्यामागे मुलगी दिसली, तर त्या काय समजतील? त्याच्यापुढे ती विचार करत नव्हती.

म्हणून तालमी.

तालीम पहिली. डॉक्टरांच्या भूमिकेत तात्या.

तात्या खुर्चीवर ताठ बसले. चष्मा लावला. समोर, म्हणजे खाली, मयुरा.

"नाव?"

"तुम्हाला माहितीये की, तात्या."

"मी डॉक्टर आहे. नाव?"

"मयुरा."

"जिल्हा?"

"पालघर."

"त्याआधी कोणता होता?"

"ठाणे."

"शाब्बास! मुलगी ठीक आहे," तात्यांनी चष्मा काढला. "उगाच मुंबईच्या डॉक्टरला त्रास."

"तात्या, भूगोलाची परीक्षा नाहीये ती," शितल म्हणाली. "मनातलं विचारतात."

"मनातलं? अनोळखी माणसाला?"

तालीम दुसरी. नविन.

नविनचं तलासरी नाक्यावर झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जचं दुकान होतं, त्यामुळे व्हिडिओ कॉलचा विषय निघाल्यापासून तो घरात जरा रुबाबात फिरत होता. तो फोन घेऊन टेबलाखाली शिरला आणि तसाच उलटा बाहेर आला.

"खाली एक कांडी नाही रेंज. रेंज फक्त खिडकीत."

"म्हणजे हिला बाहेर यावंच लागणार," शितलला जरा बरं वाटलं.

"मी नाही येणार," खालून आवाज आला.

"बरं, ते नंतर बघू. मयू, मॅडम विचारतील, भीती वाटते का? तर म्हणायचं, नाही."

"अहो, नाही कसं? मग कॉल कशाला लावला म्हणतील. मयू, 'थोडी' म्हण."

"थोडी म्हटलं की गोळी लिहून देतात," तात्या म्हणाले. "काहीही म्हण, पण 'हो' म्हणू नको."

मयुराने टेबलाखालून तिघांच्या पायांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग खरं काय सांगू?"

"खरं कशाला," नविन म्हणाला, "पहिल्याच दिवशी?"

तालीम तिसरी. शितल. (ही कुणी पाहिली नाही.)

दुपारी घरात कुणी नसताना शितल रिकाम्या खुर्चीवर बसली आणि खिडकीकडे बघून हळूच म्हणाली, "नमस्कार मॅडम. तशी ती हुशार आहे हो." आवाज चिरका आला. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. टेबलाखालून मयुरा म्हणाली, "आई, आता चांगलं झालं."

शनिवार उजाडला.

शितलने मयुराला निळा फ्रॉक घातला. वेणीसाठी मान तेवढी बाहेर मिळाली. नविन खिडकीशी फोनची जागा करत होता. खिडकीत आधीच तात्यांचं यंत्र होतं: एक परात आणि परातीत पालथ्या पेल्यांची उतरंड, मोठ्यावर लहान. जमीन हलली की पेले वाजणार, पेले वाजले की पळायचं. अख्ख्या घराला तात्यांनी ते शिकवून ठेवलं होतं. कधीकधी मांजरही सगळ्यांना अंगणात काढत असे.

"तात्या, हे उचलू का जरा?"

"हात लावायचा नाही! माणसाचा जीव महत्त्वाचा की तुझा मोबाईल?"

नविनने वाद घातला नाही. फोन परातीतच ठेवला आणि पेल्यांना टेकवून उभा केला. बसला छान. पूर्ण रेंज. मग त्याला कविताचं बोलणं आठवलं: रिंग मोठी नको, मूल दचकतं. त्याच्या फोनची रिंग म्हणजे ढोल-ताशे. त्याने फोन व्हायब्रेटवर टाकला.

अकरा वाजायला अवकाश होता. तात्या रेडिओवर गुजराती बातम्या लावत होते. नविन चार्जरची वायर सोडवत होता. शितल कंगवा घेऊन वाकली होती, "ये ना गं बाहेर, पाचच मिनिटं," म्हणत होती. मुंबईच्या मॅडमनी लाइन तपासावी म्हणून जरा आधीच फोन लावला.

परात थरथरली. पेले खणखणले. वरचा लहान पेला फरशीवर पडला आणि गोल गोल फिरत राहिला.

"पळा!" तात्या ओरडले.

या कथेने खरं तर घरातच थांबायला हवं होतं. पण शितल पळाली, आणि कथा तिच्या मागोमाग.

अंगणात, ताडपत्रीपाशी, तिघं धापा टाकत उभे राहिले. कोंबड्या निवांत दाणे टिपत होत्या. शेजारच्या अंगणात कुणीच आलं नव्हतं.

"मोठा होता," तात्या म्हणाले.

"चारच्या वरचा," नविन म्हणाला.

शितलने हातातला कंगवा पाहिला. मग घराकडे पाहिलं.

"मयू!"

ती खिडकीकडे धावली आणि गजाशी येऊन थांबलीच. आत खुर्ची होती. खुर्चीवर निळा फ्रॉक होता. मयुरा फोन दोन्ही हातांत धरून बसली होती, पाय हलवत. मॅडमचा आवाज खिडकीपर्यंत नीट पोचत नव्हता. मयुराचा तेवढा येत होता. पेपर वाचावा तसा, स्पष्ट.

"हो, मीच मयुरा. पालघर जिल्हा."

…

"एकटी नाही. सगळे आहेत. पण ते पळाले."

…

"तुमच्यामुळे. तुमचा फोन आला ना, पेले वाजले."

…

"मला कळलं ना. पंखा हलला नाही. आणि आधी ट्रकसारखा आवाज येतो, तो पण नाही आला."

…

"तात्यांनी रेडिओ घेतला, पप्पांनी चार्जर, आईने कंगवा. मला कशाला घेतील? मी टेबलाखालीच असते."

शितलने कंगवा पदराखाली घातला. मागे तात्या आणि नविन येऊन उभे राहिले होते. तात्यांनी रेडिओ बंद केला.

…

"बाई म्हणाल्या, धक्का बसला की टेबलाखाली जायचं. आणि थांबल्याशिवाय बाहेर यायचं नाही. मग थांबलंय कुठे? तात्या रोज पेपर मोठ्याने वाचतात. 'धक्के सुरूच.'"

आता मॅडम बराच वेळ बोलत होत्या. मयुरा मान डोलावत होती.

"अच्छा. एकेका धक्क्यापुरतं होय? बाईंनी सांगायला हवं होतं."

…

"आत्ता? आत्ता खुर्चीवर. टेबलाखाली रेंज नाही ना."

नविनने अभिमानाने शितलकडे पाहिलं, जणू रेंज त्यानेच घालवली होती.

…

"भीतीची तीन उत्तरं आहेत. पप्पांचं 'नाही', आईचं 'थोडी', तात्यांचं 'हो म्हणू नको'. कुठलं सांगू?"

…

"माझं?" पाय हलायचे थांबले. "माझ्यासाठी नाही वाटत. टेबल मजबूत आहे. पण आई अर्धीच मावते. तिचे पाय बाहेर असतात. त्यांच्यावर काही पडलं तर?"

शितलने गज घट्ट धरला. स्वतःचे पाय तिला एकदम फार मोठे वाटले.

थोड्या वेळाने मयुरा खिडकीकडे वळली. "आई, आत या सगळे. भूकंप नव्हता. मॅडमना बोलायचंय."

तिघं अनवाणी पाय पुसून, ओळीने आत आले. मॅडम हसऱ्या होत्या. मुलगी अगदी नीट विचार करते, म्हणाल्या. सांगितलेलं अक्षरशः पाळते, एवढंच. "पण पुढच्या बुधवारी पुन्हा बोलू या," त्या म्हणाल्या, "मयुराशी नाही. तुम्हा तिघांशी."

"आमच्याशी?" तात्यांनी घाईने चष्मा लावला. "आम्हाला काय झालंय?"

पाचवी तालीम मंगळवारी. (चौथी कुठे गेली, ते शितललाच माहीत. ती कंगव्याबद्दल होती, टेबलाखाली, दोघींतच झाली.)

डॉक्टरांच्या भूमिकेत मयुरा, खुर्चीवर. समोर तिघं चटईवर. पेले आता मोरीत होते.

"पप्पा, भीती वाटते का?"

"नाही."

"पप्पा."

नविनने पंख्याकडे पाहिलं. "खरं कशाला, पहिल्याच…"

तेवढ्यात लांबून ट्रक आला. पण रस्ता त्या बाजूला नव्हता. पंख्याची पाती हलली, कपाटाचं दार किरकिरलं, आणि या वेळी अंगणाकडे कुणीच गेलं नाही. क्षणात चौघं टेबलाखाली होते. नविनचं कोपर तात्यांच्या बरगडीत, तात्यांचा चष्मा शितलच्या केसांत. शितलचे पाय बाहेर राहिले होते. एका लहान हाताने पैंजण धरून ते आत ओढले, आधी एक, मग दुसरा.

आवाज विरला. पंखा शांत झाला. मयुरा वर बघत थोडी थांबली, मग सरपटत बाहेर आली आणि फ्रॉक झटकून उभी राहिली.

"थांबलं. चला, बाहेर या."

टेबलाखालून कुणी हललं नाही.

"पप्पा? आई? तात्या, थांबलं म्हणते ना मी!"

"तू म्हणतेस गं," आतून तात्या म्हणाले, "पण उद्याचा पेपर येऊ दे."