तात्यांनी पास केलेला मॉनिटर

मधूतात्या कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी ती ठोकून बघतात. मधलं बोट वाकवायचं, टकटक करायचं, कान लावायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. नारळाचं मी समजू शकतो. चौलला त्यांची माडा-पोफळींची वाडी आहे, जन्म त्यात गेला. पण हा माणूस दार ठोकतो, कुकर ठोकतो. माझ्या मेव्हण्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, तर त्याला भेटायला येऊन ते प्लास्टरही ठोकलं आणि म्हणाले, "आत पोकळ लागतंय." मेव्हणा बिचारा आठवडाभर धड झोपला नाही.

त्यांचं आणि आमचं कुंपण एक. मी अलिबागला नोकरीला, स्कूटरवर जातो-येतो, त्यामुळे तात्यांची सगळी खरेदी माझ्या मागच्या सीटवर बसून होते. खरेदी कसली डोंबलाची, नुसतं बघणं! तात्यांनी पास केल्याशिवाय त्या घरात झाडूसुद्धा शिरत नाही, आणि तात्या सहसा काही पास करत नाहीत. मिक्सर बघण्यात दोन दिवाळ्या गेल्या, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पाट्यावर वाटत राहिल्या. कोणी तोंड उघडलं की उत्तर ठरलेलं. "घाई कोणाला हाय?"

या बापाला पुरून उरला तो त्यांचा मुलगा, मंदार. माणगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होता. शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी यायचा आणि रविवारी खोलीत बसून कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. कानाला हेडफोन लावून मित्रांना ओरडायचा, "मागे बघ, अरे मागे बघ!" ते ऐकून तात्या दोनदा काठी घेऊन वाडीतून धावत आले होते, साप निघाला समजून.

त्याच्या जुन्या स्क्रीनवर मधोमध एक हिरवी उभी रेघ पडली होती. एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, मॉनिटर घ्यायचाय. गेमिंगचा. बजेटमधला, पण बरा. तुम्ही पास केलात की घेऊ." पैसे त्याचे, पसंती बापाची. त्या घरची रीतच तशी.

अलिबागच्या दुकानात त्या दिवशी मीही गेलो होतो. फुकटचा तमाशा मी कशाला सोडू? तात्यांनी पहिल्या मॉनिटरसमोर उभं राहून बोट वाकवलं आणि टकटक केलं. दुकानदार गुजराती शेठ गल्ल्यावरून ओरडला, "अरे काका, सांभाळून! मॉनिटर छे, श्रीफळ नाय!"

"ते दिसतंय," तात्या म्हणाले. "ह्याच्यात काय जास्त हाय?"

मंदार समजावू लागला. हा एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ आहे, म्हणजे एका सेकंदात एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवतो.

"एका सेकंदात? मला एक चित्र नीट दिसायला तेवढा वेळ लागतो. तुला एवढी घाई कसली?"

पोरगा खो खो हसला. मग तात्यांनी मॉनिटरची मान हलवून बघितली. "डुगडुगते. माडाची हलली तर चालते, ह्याची न्हाय चालायची." शेठला स्क्रीन काळी करायला लावली, स्वतःच्या डोक्यावरून आणि मॉनिटरवरून पंचा घेतला, आणि आतून आवाज आला, "कोपऱ्यातून उजेड गळतोय रे. कौल फुटल्यागत." मग पांढरी करायला लावली आणि नाक टेकवून एक बारीक काळा ठिपका शोधला. सुपारी फोडल्यावर किडका डाग दाखवावा तसा तो शेठला दाखवला. "पास न्हाय."

शेठने कपाळाला हात लावला. खरं सांगतो, मंदारच्या तोंडावर जरासुद्धा वैताग नव्हता. उलट बापाकडे असा बघत होता, जणू मॉनिटर हे निमित्त होतं. त्यानंतर बापलेकांचा रविवारचा तो कार्यक्रमच झाला. शेठकडे जायचं, एक मॉनिटर नापास करायचा, वडापाव खायचा आणि घरी यायचं.

एका शनिवारी मंदार माणगावहून निघाला तो घरी आलाच नाही. हायवेवर रस्त्याचं काम चालू होतं, मागून डंपर आला. मी एवढंच सांगणार आहे. ओळख पटवायला तात्यांबरोबर मी गेलो होतो, आणि त्याबद्दल मला बोलायचं नाही.

दहाव्याला आम्ही रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जमलो. पिंड मांडले. समोर सुरूच्या झाडांवर कावळे हे एवढे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग सगळे एकेक करून पुढे झाले. चुलता म्हणाला, "आईबापाला अंतर देणार न्हाय." मामा म्हणाला, "तुझ्या बहिणीचं लग्न थाटात करू." कारखान्यातले मित्र म्हणाले, तुझी आठवण काढू, दर वर्षी येऊ. कावळे ढिम्म. ऊन चढलं, वाळू तापली, भटजी दर्भाचा कावळा करायच्या बेताला आले. वहिनी लांब बसल्या होत्या, त्यांचा सूर लागला, "माझं पोर अडकलं गो..."

तोवर तात्या एक शब्द बोलले नव्हते. ओल्या पंच्यानिशी ते उभे राहिले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "मंद्या, मॉनिटर घेतो. एकशे चव्वेचाळीसवाला. चांगला बघून घेतो."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. भोवतालच्या माणसांनी तोंडाला टॉवेल लावले. त्यातलं कोण हसत होतं आणि कोण रडत होतं, मला विचारू नका. माझं दोन्ही चाललं होतं.

आता कोणालाही वाटेल की दुसऱ्या दिवशी मॉनिटर घरी आला असेल. छे! तात्यांनी शब्द नीट वाजवून दिला होता. "बघून घेतो म्हटलंय," ते म्हणाले. "मेलेल्या पोराच्या गळ्यात भंगार कसं बांधू?" आणि रविवार आला की धुतलेला शर्ट घालून माझ्या फाटकाशी उभे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा शेठने सहज विचारलं, "काका, छोकरा नाय आला आज?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्या म्हणाले, "कामावर हाय. सुट्टी न्हाय त्याला."

मी वळून तात्यांकडे बघितलं. पण शेठसमोर काय बोलणार? गप्प राहिलो, आणि मग दर रविवारी गप्पच राहत गेलो. शेठ विचारायचा, छोकरा बरा आहे ना? तात्या म्हणायचे, बरा हाय. लग्न करताय की नाय? बघू, घाई कोणाला हाय?

फोनवर पोरंटोरं हिंदीतून मॉनिटरची परीक्षा करतात, ते व्हिडिओ तात्या आता पोफळीखाली बसून बघायला लागले होते. पॅनल, रिस्पॉन्स टाइम, घोस्टिंग असले शब्द त्यांच्या तोंडी बसले. एकदा शेठने एका मॉनिटरवर पळणारा माणूस लावून दाखवला. तात्या बराच वेळ बघत राहिले. "माणूस पुढं जातो नि त्याची सावली मागं राहाते," ते म्हणाले. "हा नको. दुसरा दाखव."

इकडे वर्षश्राद्ध जवळ आलं आणि वहिनींनी मला कुंपणापाशी गाठलं. "भाऊजी, तुम्ही तरी त्यांना सांगा. पोराला दिलेला शब्द हाय. वर्स पुरं होईल नि ह्यांचं बघणं संपायचं न्हाय. कावळा पानाला शिवला न्हाय तर मी काय करू? माझा मंदार लटकून राह्यला असंल." डोळ्यांतून घळघळा पाणी. मला तात्यांचा असा संताप आला म्हणता! जित्या बायकोला मिक्सर दिला नाही तो नाही, आता मेलेल्या पोरालाही रांगेत उभं करतोय हा माणूस.

त्या रविवारी मी स्कूटरवरच बजावलं, "तात्या, आज घ्यायचा. नाहीतर पुढच्या वेळेला एसटीने या." 

दुकानात शेठने नवा मॉनिटर काढला. तात्यांनी त्याची मान हलवून बघितली, ती डुगडुगली नाही. पंचा घेऊन आत शिरले, उजेड गळत नव्हता. नाक टेकवून फिरले, ठिपका नव्हता. पळणाऱ्या माणसाची सावलीही मागे राहिली नाही. तात्या आणखी खोट शोधत राहिले. मागून, खालून, वायरीसकट. शेवटी वैतागून शेठ म्हणाला, "काका, तुमचं नाय जमणार. छोकऱ्याला फोन लावा नी! तो बोलेल ते फायनल."

तात्यांनी खिशातून फोन काढला. खरंच काढला. हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, लावतात की काय.  मग त्यांनी फोन परत खिशात ठेवला, बोट वाकवून मॉनिटरच्या कडेवर हळूच टकटक केलं, आणि म्हणाले, "त्याला पसंत हाय. बांध."

खोकं मांडीवर घेऊन ते माझ्या मागे बसले. चौलच्या अलीकडे मला राहवलं नाही. "तात्या, असले चांगले दोन तर आपण पावसाळ्यातच बघितले होते. का नाही घेतलात?"

"त्याच्या नावाचं तेवढंच एक काम राह्यलं होतं रे," मागून आवाज आला. "रविवारी सकाळी उठून वाटायचं, मंद्याचं काम हाय, अलिबागला जायचंय. घेतला की संपलं. मंग मी उठू कशाला?"

माझा संताप कुठल्या कुठे गेला. मी स्कूटर हळू केली. एवढंच माझ्या हातात होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मॉनिटर मंदारच्या टेबलावर लावला होता. खिडकीतून आत रंग हलताना दिसत होते. अंगणातल्या दगडी गडग्यावर वहिनींनी पान वाढून ठेवलं, त्याच्या आवडीची सुक्या बोंबलाची चटणी भटजींची नजर चुकवून कडेला घातली, आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. तात्या मात्र पुढेच थांबले. त्यांनी हात जोडले, घसा साफ केला. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. पॅनल कसला घेतला, किती बघून घेतला, मान कशी डुगडुगत नाही, असलंच काहीतरी असणार. वर्षभराचं साठलेलं होतं.

"मंद्या," ते म्हणाले, आणि तेवढ्यात माडावरून कावळा झेपावला, पानाला शिवला, एक घास उचलला आणि गेलासुद्धा.

वहिनी मटकन खाली बसल्या आणि मोकळं मोकळं रडल्या. "सुटलं गो माझं पोर, सुटलं!" बायका त्यांना धरायला धावल्या, पुरुष पाय धुवायला विहिरीकडे वळले. सगळ्यांच्या तोंडावर सुटल्याची कळा होती.

तात्या तसेच हात जोडून उभे होते, गडग्याकडे तोंड करून. मी जवळ गेलो तेव्हा ते रिकाम्या माडाकडे बघत पुटपुटत होते.

"थांबायचं होतंस जरा. एवढी घाई कोणाला होती रे?"