डोळ्यांखाली बघणाऱ्या सुमनअक्का

आमच्या शेजारच्या सुमनअक्का माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, डोळ्यांच्या खाली बघतात. आम्ही जळगावला ही खोली घेतली त्या सकाळी त्या दारात आल्या, मला वाटलं नाव विचारतील, गाव विचारतील, तर त्यांनी माझी हनुवटी धरली, उजेडाकडे फिरवली अन् म्हणाल्या, "थैली शे. रडनी व्हती का?"

मी म्हटलं, नाही हो.

"मंग पालथी झोपनी. उशी एक का दोन?"

मी म्हटलं, एक. त्या घरी गेल्या अन् स्वतःची उशी आणून माझ्या हातात दिली. नाव त्यांनी पुढच्या आठवड्यात विचारलं.

थैली म्हणजे डोळ्यांखालची सूज. अक्कांच्या हिशेबानं माणसं दोनच जातीची, थैलीवाली अन् बिनथैलीची. त्या स्वतः बिनथैलीच्या, साठी कधीच ओलांडली पण डोळ्यांखाली इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. त्यांच्या माठात पाणी कमी अन् स्टीलचे चमचे जास्त. फ्रिज आहे घरात, पण फ्रिजचा गारवा "टोचस" म्हणतात. सकाळी ओट्यापुढून कोणी सुजलेल्या डोळ्यांनी गेलं की "थांब" म्हणतात अन् दोन्ही डोळ्यांवर चमचे. दूधवाला बिचारा ओट्यावर डोळे मिटून बसतो अन् गल्ली दुधाची वाट बघते. चहाचा चोथा फेकत नाहीत, गार करून रुमालात बांधतात. काकडी मागायला गेलं तर आधी विचारतात, "खावाले का डोयाले?" खायला म्हटलं तर देतात, पण मन नसतं त्यात.

जामनेरला एका लग्नात पाठवणीच्या वेळी त्यांनी नवरीलाच खुर्चीत बसवलं. वरात गाडी चालू करून उभी, नवरदेव हातात नारळ धरून घामाघूम, अन् नवरीच्या डोळ्यांवर चमचे. "रड तू खुशाल," अक्का म्हणाल्या, "पन सुजीसन सासरले जाऊ नको." एकदा मयताच्या घरी बसायला गेलो तर अक्का मयताच्या बायकोचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "रड माय. पन रातले उताणी झोप." मी पदर तोंडात कोंबला. ती बाई मात्र रडता रडता हो म्हणाली.

आता माझ्या गोलूचं सांगते. अडीच वर्षाचा, सदाचा किडकिडीत, घास घेऊन मी त्याच्यामागे पळायची. अन् त्या आठवड्यात काय झालं कुणास ठाऊक, सकाळी उठला की गाल भरलेले, डोळे हसल्यासारखे बारीक. चोपड्याहून सासूबाईंनी व्हिडिओवर बघितलं तर त्यांचा आनंद मावेना, "देख वं, केळीना घडसारखा भरी राह्यना मना पोऱ्या!" गल्लीतल्या बाया म्हणाल्या, बाळसं धरलं. मी पण खूश, सकाळ-संध्याकाळ नजर काढायची. चड्डीचं इलॅस्टिक पोटाला रुतायला लागलं तर मी मोठी चड्डी आणली, अन् ती आणताना दुकानदाराला सांगितलं सुद्धा, भरला हो आमचा.

अक्का तेव्हा भडगावला बहिणीकडे होत्या. आल्या तशा पिशवी हातात घेऊनच आमच्याकडे आल्या अन् गोलूकडे बघितलं. मी म्हटलं, बघा अक्का, कसा झालाय. त्या खाली बसल्या, त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला अन् उचलला, तर तिथं खड्डा तसाच, कणकेत बोट घातल्यासारखा.

"रडना का रातले?"

"नाही."

"लघवी?"

मी आठवायला लागले तर कालपासून ओली चड्डी धुतल्याचं आठवेचना.

"अक्का, चमचे ठेवायचे का? आणू का मी माठातले?"

"हाई चमचानी सूज नही," त्या म्हणाल्या. "चाल."

रिक्षात मी बोलतच होते, अक्का काही होणार नाही ना, अक्का बोला ना, मला तर वाटलं तब्येत सुधारली. अक्का गोलूचा पाय मांडीवर घेऊन बसलेल्या. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी लघवी तपासली. म्हणाल्या, किडनीतून अंगातलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातंय, ही सूज त्याची आहे, वेळेवर आणलं, औषधानं उतरेल, पण आपल्या मनानं औषध थांबवायचं नाही. अन् सूज आहे तोवर मीठ अगदी कमी. शेव, पापड, लोणचं बंद.

जळगावचं पोरगं अन् शेव बंद. दवाखान्यातून घरी आल्यावर मी खिचडी केली, आळणी. गोलूनं घास थुंकला, ताट ढकललं, दुसरं केलं तेही ढकललं. औषध खाल्ल्यावर द्यायचं होतं. मी औषधाची बाटली घेऊन भिंतीला टेकून बसले अन् रडायलाच लागले.

अक्का आल्या. माझ्या डोळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पातेल्यातली तीच खिचडी आपल्या ताटात घेतली, गोलूच्या समोर मांडी घातली अन् त्याला म्हणाल्या, "माले बी डाक्टरबाईनी मीठ बंद करेल शे." साफ खोटं. मग घास घेतला, चावला, गिळला, दुसरा घेतला. गोलू बघत राहिला. चौथ्या-पाचव्या घासाला त्यानं पण हात घातला.

तेव्हापासून दोन्ही वेळा अक्का आमच्याकडेच जेवतात, आळणी. गोलूची सूज उतरली, गाल पुन्हा बसले, डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध अजून चालू ठेवा, मीठही जपूनच, पण काळजी मिटली. तो आता एकटा पण नीट जेवतो. मलाच कसंतरी वाटायला लागलं, म्हटलं अक्का, तुम्ही कशाला हाल करून घेता, आजपासून घरी आपली भाजी-भाकरी खा, चवीनं.

अक्का ताटातली खिचडी सारखी करत बसल्या.

"घरी कोनासमोर बसू वं माय?"

गोलूनं मूठभर खिचडी त्यांच्या तोंडापुढे धरली, निम्मी त्यांच्या मांडीवर सांडली. त्यांनी आ केला. मी पातेलं उचलून त्यांच्या ताटात आणखी वाढली.